चाक अडलं, गाव जमलं

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गाडी बंद पडणं ही खासगी बाब नाही. एसटी बंद पडली तर प्रवासी खाली उतरून निमूटपणे दुसरीची वाट बघतात. टेम्पो बंद पडला तर ड्रायव्हर खाली घुसतो आणि क्लीनर तंबाखू मळतो. त्यात कोणालाच रस नसतो. पण लाल रंगाची, दोन दारांची, कमरेलाही न लागणारी स्पोर्ट्स कार बंद पडली की लगेच ग्रामसभा भरते. फरक एवढाच, की खऱ्या ग्रामसभेला कोरम होत नाही आणि इथे तो पाच मिनिटांत होतो.

अशी एक गाडी माझ्याकडे आहे. का आहे, हा प्रश्न घरात रोज विचारला जातो, तेव्हा निदान तुम्ही तरी विचारू नका. गाडी जपानी बनावटीची आणि सेकंडहँड. मुंबईच्या ज्या गृहस्थांनी ती विकली त्यांनी निरोप देताना डोळे पुसले होते. त्या अश्रूंची जात मी त्या वेळी विचारली नाही.

या सगळ्याचं मूळ खालापूरच्या टोलनाक्याजवळच्या फूड मॉलमध्ये आहे. रविवारी सकाळी तिथे जाऊन बघा. मुंबईहून द्रुतगती मार्गाने महागड्या गाड्यांचे तांडे येतात. मालक उतरतात, इडली खातात, एकमेकांच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालतात आणि ऊन चढायच्या आत परत फिरतात. ताशी अडीचशेने पळू शकणाऱ्या या गाड्या शंभरच्या मर्यादेत, आणि उजव्या लेनमधून कांद्याचा ट्रक चाललेला असेल तर साठनेच, आलेल्या असतात. मालकांच्या चेहऱ्यावर मात्र हा तपशील दिसत नाही. मिसळीची प्लेट हातात धरून हे दृश्य मी वर्षानुवर्षं पाहिलं. पन्नाशी उलटली की शहाणी माणसं गुडघ्याला पट्टा घेतात. मी गुडघे दुमडून बसावं लागेल अशी गाडी घेतली.

गाडी दारात आली तेव्हा सौभाग्यवतींनी तिला एक चक्कर मारली आणि विचारलं, "अहो, हिच्यात बसायचं कुठून? वरून की खालून?"

"दारातून."

"आणि उतरायचं?"

उतरण्याचा विचार मी तोवर केला नव्हता. अजूनही मी उतरत नाही, बाहेर पडतो.

दुसरी अडचण रस्त्याची. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला आणि मुंबई-पुणे जवळ आलं. पण द्रुतगती मार्ग ते माझं घर हे अंतर अजून तेवढंच आहे आणि त्यावर गतिरोधक आहेत. काही शाळेसमोर, काही देवळासमोर आणि काही अशा घरांसमोर, ज्यांतला कोणीतरी कधीतरी पंचायतीत निवडून आला होता. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत उंच. त्यामुळे प्रत्येक उंचवट्यावर गाडी तिरकी घालावी लागते, एकेक चाक चढवावं लागतं, एकेक उतरवावं लागतं. पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, "तुम्ही या सावकाश, मी चालत पुढे होते." मी पोचलो तेव्हा भात शिजला होता.

पण हे सगळं चालवून घेता येत होतं. चालवता येत नव्हती ती गाडी, कारण तिचं चाक अडायला लागलं.

प्रकार असा. या गाडीला फिरवायची चावी नाही, बटण आहे. चावी खिशात ठेवायची आणि बटण दाबायचं. एके दिवशी ते दाबलं आणि इंजिनाऐवजी डॅशबोर्डवर एक पिवळी किल्ली लुकलुकली. स्टिअरिंग हलवून बघितलं. ते एकीकडे बोटभरही हलेना. पुन्हा दाबलं. पुन्हा किल्ली. सहा सिलिंडरचं इंजिन, पुढे भला मोठा लांबलचक बॉनेट आणि मी आत दगडासारखा बसलेलो.

स्टिअरिंगला कुलूप असतं, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या पिढीने बजाजच्या स्कूटरचं हँडल डावीकडे वळवून लॉक केलं, तिला या गाडीतलं कळायला वेळ लागत नाही. तत्त्व तेच. स्टिअरिंगच्या दांड्याला खाच असते, गाडी बंद केली की त्यात एक लोखंडी खुंटी जाऊन बसते आणि चाक अडतं. चोराने काच फोडून तारा जोडल्या तरी गाडी वळवता येत नाही, आणि वळवता न येणारी गाडी कर्जतमध्ये पहिल्या वळणापलीकडे नेता येत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेलांपासून चावीची जागा डॅशबोर्डवरून काढून स्टिअरिंगच्या दांड्यावर आणली आणि चावी काढली की चाक अडेल अशी सोय केली. पुढे शहाण्या लोकांना वाटलं, खुंटी हाताने का हलवायची? तिला एक छोटी विजेची मोटार लावली, मोटारीवर नजर ठेवायला बारीक स्विच लावले आणि स्विचवर नजर ठेवायला कॉम्प्युटर. खुंटी पूर्ण बाहेर आल्याची वर्दी स्विचने दिली नाही, तर कॉम्प्युटर इंजिन सुरू होऊ देत नाही. म्हणजे हाताचं काम सरकारी पद्धतीने होऊ लागलं.

या रोगाने मोठमोठ्यांना पछाडलं आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. अमेरिकेची लाडकी स्पोर्ट्स कार म्हणजे कॉर्व्हेट. १९९७ ते २००४ या काळातल्या लाखावर कॉर्व्हेट याच कुलपापायी कंपनीला परत बोलवाव्या लागल्या. त्या गाडीच्या पडद्यावर 'चावी काढा, दहा सेकंद थांबा' असा हुकूम यायचा. मी हे सौभाग्यवतींना अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी परत बोलावल्या ना? मग तुमचीही जाऊ द्या की परत."

माझं चाक पहिल्यांदा अडलं ते खालापूरच्या त्याच फूड मॉलवर. मुंबईच्या तांड्यातली एक गाडी निघाली, दुसरी निघाली, माझी किल्ली लुकलुकत राहिली. आधी एक कॉलेजचा मुलगा आला होता, "काका, एक फोटो काढू का आत बसून?" म्हणाला होता, तोच आता सल्ला द्यायला पुढे आला. "काका, बॅटरी गेली." बॅटरी गेली असती तर किल्ली तरी कशी लुकलुकली असती, हे मी विचारलं. तो म्हणाला, "किल्लीपुरती असते." पाव तास मी बटण दाबत राहिलो, आणि मग आपोआप खट् असा आवाज झाला आणि गाडी सुरू झाली. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलाने खांदे उडवले, "सांगितलं होतं ना, बॅटरी."

पुढचा मुक्काम महडच्या वरदविनायकापाशी. नवी गाडी म्हणून अष्टविनायकातल्या आपल्या तालुक्याच्या गणपतीला दाखवावी, एवढाच हेतू. दर्शन घेऊन परत येतो तो गाडीभोवती सहलीला आलेलं एक अख्खं कुटुंब. आजोबांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवून नातवंडं फोटो काढत होती. आजोबा चाक इकडेतिकडे वळवून बघत होते. आनंदाचा प्रसंग होता, मी कसा बोलणार? आजोबांना चौघांनी मिळून बाहेर काढलं आणि मी बटण दाबलं. पिवळी किल्ली.

आजोबांनीच निदान केलं. "पूजा नीट झालेली नाही गाडीची. लिंबू ठेवलं होतं का चाकाखाली?"

"ठेवलं होतं."

"चारी चाकांखाली?"

चारी नव्हतं. चार लिंबं आली, आणि चाकांखाली घातली. पण लिंबू चिरडायला गाडी पुढे जावी लागते आणि गाडी पुढे जाईना. शेवटी आजोबा म्हणाले, "पाचवं इंजिनवर ठेवा." पाचवं ठेवलं आणि काही वेळाने खट् झालं. माझ्या पाठीमागे पुष्कळ वेळ 'मोरया' ऐकू येत होतं.

तिसरा प्रसंग कर्जत स्टेशनसमोरचा. इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. कर्जत हे मुळात ढकलणाऱ्यांचं गाव आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. घाटाचा चढ असा की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एका इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर म्हणजे जादा इंजिनं लागतात आणि ढकलत ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात. बँकर लागेपर्यंत प्रवाशांना वेळ मिळतो, त्या वेळेत दिवाडकरांचा वडा खपतो. म्हणजे इथे पिढ्यान् पिढ्या लोक वडा खाताहेत तो कोणीतरी मागून ढकलणार आहे या भरवशावर. २०२३ पासून वंदे भारत बँकरविना घाट चढते आणि कर्जतला थांबतही नाही. गावाला ते मनातून पटलेलं नाही.

अशा गावात माझी गाडी स्टेशनसमोर अडली. वडा घेऊन परत येईपर्यंत दोन रिक्षावाले आळीपाळीने आत बसून फोटो काढून मोकळे झाले होते. किल्ली लुकलुकली आणि मी काही बोलायच्या आत दहा-बारा हात गाडीच्या मागच्या बाजूला लागले. "न्यूट्रल करा साहेब!" मी म्हणालो, "अरे, चाक अडलंय, वळलेलं आहे..." पण कर्जतमध्ये ढकलायला लागलेला माणूस ऐकत नाही. गाडी निघाली. चाक डावीकडे अडलेलं, त्यामुळे तीही डावीकडेच निघाली. उसाच्या रसाच्या गाड्याला वळसा घालून, पेरूवाल्या मावशींच्या पाटीला चुकवून, पूर्ण गोल फिरून ती जिथून निघाली तिथेच परत आली. ढकलणारे घामाघूम. एक म्हातारेबुवा हे सगळं शांतपणे बघत होते. त्यांनी जवळ येऊन विचारलं, "गारीला काय झाला?"

"चाक अडलंय, बाबा."

"मंग रिक्षा करावी."

त्या दिवसात मिळालेला तेवढा एकच सल्ला उपयोगाचा होता.

चौथा प्रसंग कडावच्या लग्नाचा. नवरदेव आमच्या नात्यातला. "मामा, वरातीला तुमची गाडी द्या," असं म्हणाल्यावर नाही कसं म्हणायचं? झेंडूच्या माळा लावल्या, काचेवर नावं चिकटवली. फोटोग्राफरने नवरदेवाला चाकामागे बसवलं. "चाक पूर्ण वळव, बाहेरून टायर दिसला पाहिजे. आता माझ्याकडे बघ. आता आकाशाकडे बघ." मग नवरीला बसवलं. मग करवलीला. मग नवरदेवाच्या मित्रांना. शेवटी बेंजो सुरू झाला आणि मी बटण दाबलं. वर सांगितलेली किल्ली. बेंजोवाल्यांनी तेच गाणं चार वेळा वाजवलं, नाचणारे थकून बसले, आणि नवरा-नवरी शेवटी सासऱ्यांच्या इकोमधून, मागच्या सीटवर दोन मावश्यांच्या मध्ये बसून रवाना झाले. मुलाकडच्यांच्या आठवणीत ते लग्न 'मामाची गाडी अडली ते लग्न' म्हणून कायमचं नोंदलं गेलं आहे.

यानंतर जाणकारांची रीघ लागली. चावीवाल्याने खिशातल्या रिमोटचा सेल बदलला. बॅटरीवाल्याने बॅटरी बदलली आणि सांगितलं, "आता बघायचं नाव नाही." पनवेलहून लॅपटॉपवाला आला. त्याने गाडीला वायर जोडली, पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे आले, ते त्याने पुसले आणि म्हणाला, "एरर क्लिअर केला." म्हणजे रोग तसाच, केसपेपर कोरा. गोव्याचे एक पाहुणे म्हणाले, "त्यापेक्षा आमच्याकडची घ्यायची होती." १९९८ च्या सुमारास गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची टुमदार स्पोर्ट्स कार निघाली होती, फायबरच्या अंगाची आणि रेनॉच्या १.२ लिटरच्या छोट्या इंजिनाची. ती कितीशी विकली गेली, असं मी विचारल्यावर पाहुण्यांनी विषय सोलकढीकडे नेला.

शेवटी मुंबईच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला न्यायचं ठरलं. न्यायला टोचन गाडी मागवली. तिच्या उतरणीवर माझ्या गाडीचं नाकच टेकलं. समोर बंगल्याचं बांधकाम चालू होतं, तिथल्या सेंटरिंगच्या फळ्या उसन्या आणल्या, ठेकेदाराला आत बसवून त्याचा फोटो काढून दिला, तेव्हा कुठे गाडी वर चढली. सर्व्हिस सेंटरच्या एसीत ती आठवडाभर उभी राहिली आणि रोज पहिल्या दाबाला सुरू झाली. "सर, आमच्याकडे प्रॉब्लेम येतच नाहीये," असं एक टाय लावलेला मुलगा मला फोनवर रोज सांगायचा. शेवटी त्याने सुचवलं की कुलपाचा अख्खा डबाच बदलू. डबा परदेशातून येणार, मग तो गाडीच्या कॉम्प्युटरशी आणि दोन्ही चाव्यांशी जुळवावा लागणार. त्याने आकडा सांगितला. त्या आकड्यात कडावला दुसरं लग्न झालं असतं, तेही इकोसकट.

गाडी परत आणली. परतीच्या वाटेवर खोपोलीत चहाला थांबलो. चहा पिऊन येईपर्यंत दोघांचे फोटो काढून झाले होते, आणि चाक अडलं होतं.

खोपोलीत एक मिस्त्री होता, घाट उतरून तापलेल्या ट्रकांचे ब्रेक बघणारा. स्पोर्ट्स कारला त्याने आयुष्यात हात लावलेला नव्हता. गर्दीतूनच कोणीतरी त्याला ओढत आणलं. त्याने बॉनेट उघडायला सांगितलं नाही, वायर जोडली नाही, बॅटरीही विचारली नाही. कपड्याला हात पुसत तो गाडीच्या दाराशी उकिडवा बसला आणि प्रश्न विचारू लागला. इतक्या दिवसांत प्रश्न विचारणारा हा पहिलाच माणूस.

"कुठं कुठं अडली?"

"फूड मॉलवर, महडला, कर्जत स्टेशनला, कडावला."

"घरी?"

"घरी नाही."

"घाटात? पावसात?"

"नाही."

"मुंबईच्या शोरूममध्ये?"

"तिथे तर अजिबातच नाही."

"म्हंजे माणसं जमतात तिथंच," असं म्हणून तो उठला आणि गर्दीकडे वळला. "आता गाडीत बसून फोटो कोणी काढलाय?"

क्षणात शांतता झाली. पाच-सहा मोबाइल गपचूप खिशात गेले.

मग त्याने समजावलं. गाडी बंद झाली की खुंटी खाचेत बसते. त्यानंतर आत बसलेल्या माणसाने चाक जोर लावून वळवलं की खाचेची कड खुंटीवर दाबून बसते. टायर जमिनीला घट्ट, त्यामुळे तो ताण सुटत नाही. खुंटी ओढणारी मोटार बोटाएवढी. दहा-बारा वर्षांची, आतलं ग्रीस सुकलेलं, जोर कमी झालेला. तिला त्या दाबातून खुंटी निघत नाही, स्विचला वर्दी मिळत नाही, म्हणून कॉम्प्युटर गप्प. पाव तासाने ताण थोडा सुटला की खट् होतं आणि मग बॅटरी, लिंबू किंवा गणपती यांपैकी कोणालाही श्रेय देता येतं. त्याने एका हाताने चाक ताणाच्या उलट बाजूला हलकेच धरलं, दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हरची मूठ दांड्याखालच्या डब्यावर टकटक मारली आणि म्हणाला, "दाबा बटण."

गाडी सुरू झाली.

"आम्ही मघापासून हेच सांगत होतो," गर्दीतून एक आवाज आला.

पुढचं काम त्याने दोन मिनिटांत केलं. कुलूप उघडं असताना त्याचा फ्यूज काढला, की मोटारीला वीज मिळत नाही आणि खुंटी पुन्हा आत जात नाही. कुलूप उघडंच राहतं. "पण चोर?" मी विचारलं. त्याने माझ्या गाडीच्या पोटाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. "चोर पयल्या गतिरोधकापर्यंत नेईल आणि तिथंच सोडून जाईल." शिवाय खिशातली खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, ती राखण वेगळी आहेच. फ्यूज त्याने कागदात बांधून माझ्या हातात दिला. पैसे विचारले तर म्हणाला, "चहाचं बघा." आणि जाता जाता, "साहेब, एक फोटो काढू का?"

आता गाडी रोज पहिल्या दाबाला सुरू होते. याचं सगळ्यांत जास्त दुःख आमच्या सल्लागार मंडळाला आहे. गाडी अडत नाही म्हटल्यावर ते आता दुसऱ्या विषयावर बोलू लागले आहेत. परवा स्टेशनसमोर एकाने थांबवून सांगितलं, "साहेब, विकून टाका. अशा गाड्या एकदा चांगल्या चालायला लागल्या की पुढे मोठा खर्च काढतात." सौभाग्यवतींनी हे वाक्य लिहून ठेवलं आहे.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल, किंवा घ्यायचा मोह होत असेल, तर एवढं ध्यानात ठेवा. गाडी उभी करताना चाकं सरळ करा आणि मगच बंद करा. चढावर किंवा उतारावर चाकं वळवून ठेवणं भाग असेल तर टायरखाली दगड लावा, म्हणजे भार स्टिअरिंगवर यायचा नाही. अडलीच तर जमेल त्या बाजूला चाक हलकेच धरून बटण दाबा, ढकलू नका. गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर बॅटरी तपासून घ्या. जो येऊन उपाय सांगेल त्याला चहा द्या, पण गाडी द्या ती जो आधी प्रश्न विचारेल त्याला. आणि नातेवाईक असोत की भाविक, रिक्षावाले असोत की नवरदेव, सगळ्यांना हात जोडून सांगा: फोटो बाहेरून काढा.